आकारिक तर्कशास्त्र आणि सत्तामीमांसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तर्कशास्त्र विचारांच्या आकाराचा अभ्यास करते आणि सत्तामीमांसा ‘काय आहे’ याचा शोध घेते. मग या दोघांचा संबंध येतोच कुठे?

‘सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य आहे’ हे अनुमान युक्त आहे की नाही हे ठरवण्यासाठी सॉक्रेटिस खरोखर होऊन गेला का, याची चौकशी करावी लागत नाही. माणसांच्या जागी बेडूक घातले आणि मर्त्यच्या जागी हिरवे घातले, तरी अनुमानाचा सांगाडा तोच राहतो. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्याला हे सुरुवातीलाच सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे. मात्र सांगाड्यात जे शब्द बदलत नाहीत, म्हणजे सर्व, काही, आहे, नाही, तोच, त्यांचा अर्थ विचारू लागलो की पायाखालची जमीन हलते. ‘काही’ म्हणजे ‘निदान एक तरी आहे’. ‘नाही’ म्हणजे कशाचा तरी अभाव. ‘तोच’ म्हणजे तादात्म्य. आशय काढून टाकल्यावर जे उरते त्यातच अस्तित्व, अभाव आणि तादात्म्य हे सत्तामीमांसेचे तीन जुने विषय ठाण मांडून बसलेले असतात.

ॲरिस्टॉटलला ही दोन शास्त्रे वेगळी काढण्याची घाई नव्हती. ‘एकाच गोष्टीला एकच धर्म एकाच वेळी आणि एकाच अपेक्षेने असणे व नसणे अशक्य आहे’ हा अव्याघाताचा नियम आपण आज तर्कशास्त्राचा नियम म्हणून शिकतो, पण त्याने त्याची सविस्तर चर्चा केली ती ‘मेटाफिजिक्स’च्या चौथ्या पुस्तकात, आणि तो नियम त्याने वस्तूंविषयी मांडला.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. जगात काय आहे हे तर्कशास्त्राला ठरवता येत नाही. आपण काय काय आहे असे धरून चाललो आहोत त्याची यादी मात्र ते आपल्याकडून वदवून घेते, आणि ही यादी लिहायला ते जो कागद पुढे करते तो कोरा नसतो. त्यावर काही रकाने आधीच आखलेले असतात. पुढच्या बहुतेक उत्तरांमध्ये ही यादी आणि हे रकाने यांचाच विचार आहे.

‘आहे’ या साध्या क्रियापदात तत्त्वज्ञांना एवढे काय सापडते?

चार वाक्ये पाहावीत. ‘देव आहे.’ ‘हा आंबा गोड आहे.’ ‘पहाटेची चांदणी हीच संध्याकाळची चांदणी आहे.’ ‘देवमासा हा सस्तन प्राणी आहे.’ पहिल्या वाक्यात अस्तित्व सांगितले आहे, दुसऱ्यात एका वस्तूचा गुण, तिसऱ्यात तादात्म्य आणि चौथ्यात एका वर्गाचा दुसऱ्या वर्गातील समावेश. जर्मन गणितज्ञ गोट्लोब फ्रेगे याने १८७९ मध्ये जी चिन्हभाषा मांडली, तिच्यात आणि तिच्या वंशातील आजच्या तर्कशास्त्रात या चारही गोष्टी चार निरनिराळ्या प्रकारे लिहिल्या जातात. एका क्रियापदाच्या आडोशाने एका अर्थावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय तिथे उरत नाही, आणि सत्तामीमांसेतील पुष्कळ वाद अशा घसरणीवरच पोसलेले होते.

मराठीने या बाबतीत एक काम आधीच करून ठेवले आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ‘कावळा काळा आहे’ असे म्हणण्यासाठी समोर, निदान बोलण्यात, एक ठराविक कावळा लागतो. ‘कावळा काळा असतो’ म्हणायला कोणताच कावळा लागत नाही. ते विधान जातीविषयी आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद येते. मात्र ‘असतो’ म्हणजे तर्कशास्त्रातले ‘सर्व’ असे समजू नये. ‘साप विषारी असतो’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो आणि धामण विषारी नाही हेही आपल्याला ठाऊक असते. दुसरीकडे ‘हा माझा भाऊ’ या वाक्यात क्रियापदच नाही, तरीही विधान पुरे झाले आहे. असण्याचे सारे ओझे क्रियापदावर टाकून चालणार नाही, एवढे यावरून दिसते.

अस्तित्व हा गुण नाही असे का म्हणतात?

अकराव्या शतकात अँसेल्म याने ईश्वराच्या अस्तित्वाचा एक युक्तिवाद केला. ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही असा जो, तो केवळ कल्पनेत असेल तर त्याच्याहून थोर असे काही कल्पिता येईल, म्हणजे तोच पण प्रत्यक्षात असलेला. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. कांटने १७८१ मध्ये यावर शंभर थॅलरचे उदाहरण दिले. खरे शंभर थॅलर आणि कल्पनेतले शंभर थॅलर यांच्या संकल्पनेत एका नाण्याचाही फरक नसतो. माझ्या खिशाला फरक पडतो, संकल्पनेला पडत नाही.

फ्रेगेने १८८४ मध्ये यामागचे यंत्र उघडून दाखवले. ‘घरातल्या मांजरी तीन आहेत’ या वाक्यातले ‘तीन’ हे कोणत्या मांजरीचे वर्णन आहे? एक काळी आहे, एक लंगडी आहे, एक आळशी आहे. एकही ‘तीन’ नाही. तीन हा आकडा ‘घरातली मांजर’ या संकल्पनेविषयी काही सांगतो, तो असा की ती संकल्पना तिघींना लागू पडते. अस्तित्वाचेही तसेच आहे: ‘मांजरी आहेत’ म्हणजे ‘मांजर’ या संकल्पनेखाली येणाऱ्यांची संख्या शून्य नाही. असे पाहिले की अस्तित्व हा वस्तूचा गुण राहत नाही, तो संकल्पनेविषयीचा निर्वाळा होतो, आणि अँसेल्मच्या युक्तिवादाला उभे राहायला जागा उरत नाही.

हा निकाल सर्वांनी मान्य केला आहे असे नाही. ‘माझे आजोबा आता नाहीत’ या वाक्यात मी कोणत्या संकल्पनेविषयी बोलतो आहे? मी आजोबांविषयीच बोलतो आहे, असे कोणीही म्हणेल. व्यक्तीचे नाव घेऊन केलेल्या अशा विधानांपाशी फ्रेगेचा उपाय अडखळतो, म्हणून अस्तित्वाला साधे विधेय मानणारी तर्कशास्त्रेही पुढे रचली गेली.

‘सर्व’ म्हणताना निदान एक तरी असावा लागतो का?

परंपरागत तर्कशास्त्रात ‘सर्व अ हे ब आहेत’ यावरून ‘काही अ हे ब आहेत’ असे काढता येते. आधुनिक तर्कशास्त्रात येत नाही. कोण बरोबर, याचे उत्तर स्थानकावरच्या पाटीवर मिळते. ‘विनातिकीट प्रवास करणारा प्रवासी दंडास पात्र राहील’ ही पाटी एखाद्या दिवशी एकही फुकटा प्रवासी गाडीत चढला नाही म्हणून खोटी ठरत नाही. किंबहुना तसा दिवस यावा म्हणूनच ती लावलेली असते. ‘माझी सर्व मुले डॉक्टर आहेत’ असे एखाद्या निपुत्रिकाने सांगितले तर मात्र आपण त्याला लबाड म्हणू. आधुनिक तर्कशास्त्राने पाटीचा अर्थ उचलला, आणि ज्याला अस्तित्व सांगायचे आहे त्याने ते वेगळे वाक्य लिहून सांगावे असा दंडक घातला.

जे नाहीच त्याच्याविषयी ‘ते नाही’ असे तरी कसे म्हणता येते?

हे कोडे प्लेटोइतके जुने आहे आणि मला वाटते या संपूर्ण विषयाचा गाभा इथे आहे. ‘पिंपळावर वटवाघूळ नाही’ आणि ‘पिंपळावर मुंजा नाही’ ही वाक्ये व्याकरणाने जुळी आहेत. पहिल्यात काही गूढ नाही, कारण वटवाघळे दुसरीकडे कुठे तरी आहेत, या झाडावर तेवढी नाहीत. दुसऱ्यात ज्याचा निषेध करायचा तो कुठेच नाही. मग मी निषेध करतो आहे तो कोणाचा? कोणाचाच नसेल तर वाक्य निरर्थक व्हायला हवे, आणि ते तर सार्थ आहे, शिवाय खरेही आहे.

ग्राझ येथील तत्त्वज्ञ अलेक्सियुस माइनाँग याने १९०४ मध्ये धीट उत्तर दिले: विचाराचा विषय होण्यासाठी वस्तू असलीच पाहिजे असे नाही. सोन्याचा डोंगर सोन्याचा आहे, गोल चौकोन गोलही आहे आणि चौकोनीही आहे, ते अस्तित्वात नाहीत इतकेच. पुढच्याच वर्षी बर्ट्रंड रसेलने या उत्तराला फाटा देणारा उपाय मांडला. ‘फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे’ हे वाक्य दिसायला एका व्यक्तीविषयी आहे. त्याचा तार्किक आकार मात्र असा: फ्रान्सचा राजा असलेला निदान एक जण आहे, जास्तीत जास्त एकच आहे, आणि जो कोणी तसा आहे तो टकला आहे. या उकलीत ‘फ्रान्सचा राजा’ हे नाव विरघळून जाते. उरतात ती विधेये, आणि त्या विधेयांना साजेसे कोणी नाही असे म्हणायला नसलेल्या राजाला बोलावून आणावे लागत नाही. रसेलने पुढे १९१९ मध्ये असेही लिहिले की प्राणिशास्त्र जितके खऱ्या जगाशी बांधलेले आहे तितकेच तर्कशास्त्रही आहे. प्राणिशास्त्रात एकशिंगी घोड्याला जागा नसेल तर तर्कशास्त्रातही ती असू नये.

आपल्याकडे हाच तिढा सशाच्या शिंगावरून पडला होता. न्यायदर्शनात अभावाला प्रतियोगी लागतो, म्हणजे ज्याचा अभाव ती वस्तू. आणि तो प्रतियोगी खरा असावा लागतो. मग ‘शशशृंग नाही’ या वाक्याचे काय करायचे? दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी बौद्धांशी वाद घालताना आणि पुढे नव्यनैयायिकांनी जी दिशा धरली ती अशी, की हे वाक्य शशशृंग नावाच्या वस्तूविषयी नाहीच. शिंग खरे आहे, ते गाईला असते. ससा खरा आहे. सांगायचे आहे ते इतकेच की सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे. तीच रीत मुंजाला लावून पाहावी. मुंज झालेला मुलगा खरा, मरण खरे, पिंपळ खरा, झाडावर राहणेही खरे, कारण कावळे राहतातच. यांची जी मोट आपण मुंजा या शब्दात बांधली, ती मोट तेवढी कुठे सापडत नाही. रसेलच्या उकलीशी हे तंतोतंत जुळत नाही, कारण रसेल वाक्याचा आकार बदलतो आणि नैयायिक अभावाची जागा बदलतो. तरी जे नाही त्याला क्षणभरही यादीत घ्यायचे नाही, हा दोघांचा हट्ट सारखाच.

भारतीय परंपरेत तर्कशास्त्र आणि सत्तामीमांसा वेगळी मानली जात होती का?

न्याय-वैशेषिकांपुरते उत्तर द्यायचे तर ‘पदार्थ’ या एका शब्दातच ते आहे. आज हा शब्द आपण फराळाच्या ताटातल्या जिन्नसांसाठी वापरतो आणि भौतिकशास्त्रालाही एके काळी पदार्थविज्ञान म्हणत होतो. मूळ व्युत्पत्ती मात्र पदाचा अर्थ तो पदार्थ अशी आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’त सात पदार्थ सांगतो: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य (अनेकांत समान असणारा धर्म), विशेष, समवाय (गुण द्रव्यात राहतो तो अतूट संबंध) आणि अभाव, आणि त्यावरच्या स्वतःच्या ‘दीपिके’त पदार्थाचे सामान्य लक्षण ‘अभिधेयत्व’ असे देतो, म्हणजे शब्दाने सांगता येण्याजोगे असणे. त्याच्या कितीतरी आधी प्रशस्तपादाने तेव्हा मानलेल्या सहाही पदार्थांना अस्तित्व, अभिधेयत्व आणि ज्ञेयत्व हे तीन धर्म समान आहेत असे म्हटले होते. जे आहे ते सांगता येते आणि जाणता येते, हे इथे प्रास्ताविकातच मान्य झाले आहे. ॲरिस्टॉटलच्या दहा कॅटेगरी आणि हे सात पदार्थ यांची तुलना सगळेच करतात. मला त्याहून लक्षणीय वाटते ती पुढची बारीक गोष्ट.

वैशेषिकांच्या मते ‘सत्ता’ ही जाती, म्हणजे एक सामान्य, फक्त द्रव्य, गुण आणि कर्म या तिघांतच राहते. सामान्य, विशेष आणि समवाय आहेत, त्यांना अस्तित्व आहे, पण सत्ता नाही. सामान्याच्या बाबतीत कारण निव्वळ तार्किक आहे: सामान्यात आणखी एक सामान्य मानले की त्याच्यात आणखी एक मानावे लागते आणि अनवस्था ओढवते. म्हणजे अनुमानाच्या शिस्तीपायी त्यांनी ‘असणे’ या गोष्टीचेच दोन दर्जे केले. आपल्या शास्त्राला सत्तामीमांसा किंवा सत्ताशास्त्र म्हणताना हा भेद लक्षात ठेवला पाहिजे, नाहीतर शब्दाच्या नावाखालीच अर्धे पदार्थ बाहेर राहतात. ज्यांना संस्कृत मुळाशी जायचे आहे त्यांच्यासाठी आठल्ये आणि बोडस यांची, मुंबई संस्कृत ग्रंथमालेतील १८९७ ची ‘तर्कसंग्रहा’ची आवृत्ती आणि भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ ही महाराष्ट्रातच झालेली कामे आजही हाताशी ठेवण्यासारखी आहेत.

‘असणे म्हणजे चलाचे मूल्य असणे’ या क्वाइनच्या वचनाचा अर्थ काय?

अमेरिकन तत्त्वज्ञ विलर्ड क्वाइन याने १९४८ मध्ये हा निकष मांडला. तो नीट समजून घेतला नाही की फार गैरसमज होतात. काय आहे हे क्वाइन यातून सांगत नाही; एखाद्या सिद्धान्ताने काय आहे असे मानले आहे, ते ओळखायचे कसे, एवढेच तो सांगतो. रीत अशी: सिद्धान्त आधुनिक तर्कशास्त्राच्या भाषेत लिहून काढावा. त्यात जिथे जिथे ‘असा एक क्ष आहे की’ अशी सुरुवात येते, तिथे तो सिद्धान्त खरा ठरण्यासाठी त्या क्षच्या, म्हणजे चलाच्या, जागी कोणत्या वस्तू लागतील ते पाहावे. त्या वस्तूंशी तुम्ही बांधले गेलात. तोंडाने काहीही म्हणा.

दुकानातल्या दोन साड्या घेऊन हे करून पाहू. ‘ही साडी मोरपंखी आहे आणि तीही मोरपंखी आहे’ असे म्हटले तर मी साड्यांशीच बांधला जातो. ‘या दोन्ही साड्यांमध्ये एक रंग समान आहे’ असे म्हटले की ‘असा एक क्ष आहे की तो रंग आहे आणि तो दोघींतही आहे’ हे वाक्य मी मान्य केले, आणि माझ्या यादीत साड्यांखेरीज रंग नावाची वस्तू आली. ती नको असेल तर दोन वाटा आहेत: वाक्य मागे घ्यावे, किंवा त्याचे असे रूपांतर करून दाखवावे की रंगाची गरज उरणार नाही, जसे ‘या साड्या रंगाने सारख्या दिसतात’. इथवर जमले. ‘हिच्यापेक्षा तिच्यात दोन रंग जास्त आहेत आणि त्यातला एक मला आवडत नाही’ याचे रूपांतर करून पाहावे, म्हणजे सामान्यांना नाकारणाऱ्याला किती घाम गाळावा लागतो ते कळते.

संख्यांबाबत हा घाम खरोखर गाळला गेला आहे. ‘टेबलावर दोन पेले आहेत’ यातला ‘दोन’ काढता येतो: एक पेला टेबलावर आहे, आणखी एक आहे, पहिला म्हणजे दुसरा नव्हे, आणि टेबलावरचा कोणताही पेला या दोहोंपैकीच एक आहे. संख्या गेली, तादात्म्य आणि नकार एवढ्यावर भागले. पण ‘शंभरापेक्षा मोठ्या मूळ संख्या आहेत’ या वाक्यात संख्या स्वतःच चलाच्या जागी येऊन बसते. नेल्सन गुडमनबरोबर १९४७ मध्ये क्वाइनने अमूर्त वस्तूंशिवाय चालवून पाहिले. शेवटी विज्ञानाला गणित लागते आणि गणिताला संच लागतात, म्हणून त्याने संच स्वीकारले. हार्ट्री फील्डने १९८० मध्ये न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त संख्यांवाचून मांडून दाखवण्याचा घाट घातला. तो प्रयत्न पूर्ण यशस्वी झाला की नाही यावर वाद आहे, पण वाद कशावर घालायचा हे क्वाइनच्या निकषामुळे ठरले, हे मान्य करावेच लागते.

मग तर्कशास्त्र स्वतः तटस्थ आहे असे समजायचे का?

नाही. रकाने आधीच आखलेले असतात असे वर म्हटले ते याचसाठी.

नेहमीच्या आधुनिक तर्कशास्त्रात ‘निदान एक वस्तू आहे’ हे आधारविधानांवाचून सिद्ध होते, कारण चलांचे विचारविश्व, म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचे त्या वस्तूंचा समूह, रिकामे नसावे असे आरंभीच ठरवलेले असते. जग अजिबात रिकामे असणे शक्य होते का, हा प्रश्न तत्त्वज्ञ शतकानुशतके विचारत आले आहेत. तो एका तांत्रिक सोयीने निकालात काढणे शोभत नाही. शिवाय प्रत्येक नावाला नामधारी असलाच पाहिजे अशीही तिथे अट आहे. नावांवरची ही अट काढून टाकणाऱ्या तर्कशास्त्राला कारेल लॅम्बर्ट याने १९६० मध्ये ‘मुक्त तर्कशास्त्र’ असे नाव दिले.

शक्यतेचे तर्कशास्त्र घेतले की प्रकरण अधिक अवघड होते. रूथ बार्कन यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या सूत्राचा आशय असा: ‘अमुक धर्म असलेले काही तरी असणे शक्य आहे’ यावरून ‘असे काही तरी आहे की ज्याला तो धर्म असणे शक्य आहे’ असे निघते. ज्याला बहीण नाही अशा माणसाने हे सूत्र स्वतःला लावून पाहावे. त्याला बहीण असू शकली असती, यात शंका नाही. म्हणून असे कोणी आज आहे का की जी त्याची बहीण होऊ शकली असती? कोण ती? सॉल क्रिप्के याने १९६३ मध्ये प्रत्येक शक्य जगाला आपापले विचारविश्व देऊन हे सूत्र टाळण्याची सोय केली. टिमोथी विल्यमसन उलट दिशेने गेला आणि ती ‘होऊ शकली असती’ अशी वस्तू, देहधारी नसली तरी, खरोखर आहे असे त्याने मानले. मला हे पटत नाही, पण त्याच्या युक्तिवादाची किंमत लक्षात घेतली पाहिजे: सोपे, सुटसुटीत तर्कशास्त्र ठेवायचे असेल तर अशी बहीण पदरात घ्यावी लागते, आणि ती नको असेल तर तर्कशास्त्र गुंतागुंतीचे करावे लागते.

डच गणितज्ञ ब्राउवर याची तक्रार आणखी मुळातली होती. दोनचे वर्गमूळ ही अपरिमेय संख्या आहे. एक अपरिमेय संख्या दुसऱ्या अपरिमेय घातांकाला चढवून परिमेय संख्या मिळते का? सिद्धता सोपी आहे. दोनच्या वर्गमूळाचा त्याच वर्गमूळाइतका घात घ्या. तो परिमेय असेल तर काम झाले. नसेल तर त्या अपरिमेय संख्येचा पुन्हा दोनच्या वर्गमूळाइतका घात घ्या, उत्तर २ येते, काम झाले. अशी जोडी ‘आहे’ हे सिद्ध झाले, पण कोणती ते या सिद्धतेने सांगितले नाही. तिचा सारा भार ‘असेल किंवा नसेल’ या मध्यम-परिहाराच्या नियमावर आहे. गणितात असणे म्हणजे रचून दाखवता येणे, असे मानणाऱ्या ब्राउवरला ही सिद्धता मान्य होणे शक्य नव्हते. त्याने वस्तूंविषयीची भूमिका बदलली आणि तिच्यापाठोपाठ तर्कशास्त्राचा नियम सोडला.

आणि फ्रेगेची गोष्ट तर सर्वांना माहीत असते. प्रत्येक संकल्पनेला तिच्याखाली येणाऱ्या वस्तूंचा एक समूह असतो, हे त्याला तर्कशास्त्राचा नियम वाटत होते. १६ जून १९०२ रोजी रसेलने त्याला पत्र लिहून विचारले की जे संच स्वतःचे घटक नाहीत अशा सर्व संचांचा संच स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हटले तर नाही होते, नाही म्हटले तर आहे होते. फ्रेगेच्या ‘अंकगणिताचे मूलभूत नियम’ या ग्रंथाचा दुसरा खंड तेव्हा छापखान्यात होता. १९०३ मध्ये तो निघाला तेव्हा शेवटी कबुलीची पुरवणी जोडलेली होती. तर्कशास्त्राच्या नियमाचा वेश घेऊन वस्तूंच्या अस्तित्वाचे एक भले मोठे विधान आत शिरले होते.

अवयव आणि अवयवी यांचे तर्कशास्त्र म्हणजे काय?

हुसेर्लने १९०१ मध्ये अंश आणि पूर्ण यांच्या संबंधाला ‘आकारिक सत्तामीमांसे’चा भाग मानले, कारण हे संबंध कोणत्याही क्षेत्रातील वस्तूंना लागू पडतात. वॉर्सा येथील लेश्नेव्स्की याने १९१६ पासून त्याची काटेकोर मांडणी केली. या मांडणीच्या रूढ स्वरूपात कोणत्याही वस्तू घेतल्या तरी त्यांची बेरीज ही एक वस्तू असते. हिलरी पटनमने याचा परिणाम मोजून दाखवला. तळहातावर एक सुपारी, एक नाणे आणि एक किल्ली आहे; त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत असे घटकाभर धरू. वस्तू किती? आपण म्हणू ३. लेश्नेव्स्कीच्या हिशेबाने सुट्या ३, जोड्या ३ आणि तिघांची मिळून १, अशा ७.

नैयायिकांनी मधली वाट धरली होती. तंतूंपासून झालेला पट तंतूंहून वेगळे, नवे द्रव्य आहे आणि तो तंतूंमध्ये समवायाने राहतो, हे त्यांनी बौद्धांच्या विरोधात हिरिरीने मांडले. सेना किंवा वन यांना मात्र त्यांनी अवयवी मानले नाही. सैनिक आणि झाडे यांपलीकडे तिथे काही नाही. सुपारी-नाणे-किल्ली या त्रिकुटाला त्यांनी सेनेच्याच रांगेत बसवले असते.

हे सारे शब्दांचेच खेळ नाहीत का?

रुडॉल्फ कार्नापने १९५० मध्ये जवळजवळ असेच म्हटले. ‘१० आणि १०० यांच्यामध्ये मूळ संख्या आहे का?’ हा संख्यांच्या भाषाचौकटीतला प्रश्न आहे, उत्तर काढता येते. ‘संख्या मुळात आहेत का?’ हा चौकटीबाहेरचा प्रश्न. त्याला खरे-खोटे उत्तर नाही, चौकट वापरणे सोयीचे आहे का एवढेच विचारता येते. तळहातावरच्या वस्तू ३ की ७ याबाबत मला कार्नाप बरोबर वाटतो. न झालेल्या बहिणीबाबत वाटत नाही. ती आहे की नाही हे सोयीवर सोपवावे असे मन घेत नाही. क्वाइनने तर चौकटीच्या आतले आणि बाहेरचे प्रश्न असा पक्का भेदच मानला नाही.

संगणकशास्त्रात ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात ती हीच का?

नाव तिथून घेतले आहे, आणि केवळ नावच घेतले आहे असे म्हणता येत नाही. टॉम ग्रुबरने १९९३ मध्ये तिची व्याख्या ‘संकल्पनांच्या मांडणीचे स्पष्ट विनिर्देशन’ अशा अर्थाची केली. एखाद्या क्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू मानायच्या आणि त्यांचे संबंध कोणते, हे यंत्राला अनुमान करता येईल अशा तार्किक भाषेत लिहून ठेवायचे. ‘आउल’ ही त्यासाठीची भाषा २००४ पासून वेबची प्रमाणभाषा आहे. वैद्यकात आणि जीवशास्त्रात अशा याद्या प्रत्यक्ष वापरात आहेत. ज्या वस्तू काळात टिकून राहतात त्या आणि ज्या घटना काळात उलगडत जातात त्या, हा तत्त्वज्ञांचा जुना भेद त्यांपैकी काहींच्या अगदी वरच्या पायरीवर दिसतो.

इथे अभावाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी तो खर्चिक असतो. गाडीच्या आरक्षणाच्या तक्त्यात माझे नाव नसेल तर मला आरक्षण नाही. तक्त्यात जे नाही ते नाहीच, असे तिथे धरलेले असते आणि ते योग्य आहे. रुग्णाच्या नोंदवहीत पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद नसेल तर त्याला ॲलर्जी नाही असे मात्र धरता येत नाही. कदाचित कोणी विचारलेच नसेल. पहिल्या पद्धतीला संगणकतज्ज्ञ बंद जगाचे गृहीतक म्हणतात, दुसरीला खुल्या जगाचे. बहुतेक डेटाबेस पहिल्याने चालतात, आउल दुसऱ्याने. दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडताना हा फरक विसरला की यंत्र नोंदीच्या अभावाला वस्तूचा अभाव समजून बसते.

सातव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने यासाठी नेमकी अट घातली होती. न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते ते फक्त दृश्य वस्तूचे, म्हणजे ती तिथे असती तर दिसलीच असती अशा वस्तूचे. जमिनीवर घागर दिसत नाही, उजेड आहे, डोळे धड आहेत, म्हणून घागर नाही. जे स्थळाने, काळाने किंवा स्वभावाने दूर आहे त्याच्या न दिसण्यावरून नसण्याचा निश्चय होत नाही, आणि स्वभावाने दूर असलेल्यांचे त्याचे उदाहरण पिशाचाचे आहे. तेव्हा पिंपळाखाली रात्रभर बसून काहीच दिसले नाही, एवढ्यावरून मुंजा नाही असे अनुमान धर्मकीर्ती आपल्याला करू देणार नाही. वटवाघूळ नाही असे मात्र, चांदणे चांगले असेल तर, खुशाल म्हणता येईल.